रबराचे आनंदा पाटील

'आयसीयूतल्या पेशंटसोबत एक किंवा दोन नातेवाईक असतात' असं पुस्तकात ज्या कुणी महाभागानं लिहून ठेवलंय ना, त्यानं माझं वाटोळं केलं! तो माणूस जन्मात कोल्हापूरला आलेला नाही. आला असेल, तर इथं आजारी पडलेला नाही. नाहीतर असलं वाक्य लिहायला त्याचा हात धजावलाच नसता.

चहा ओता आधी. मग सांगते काय घोळ घातला मी.

पुण्यात हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकून मी इथल्या एका हॉस्पिटलात संशोधनाला लागले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझा विषय असा, की आयसीयूत एखाद्याचं हृदय अचानक बंद पडलं तर कोण धावतं, कोण छाती दाबतं, कोण औषध भरतं, आणि कोण नुसतंच "अरे, कुणीतरी या रे!" म्हणून ओरडतं? हसू नका. त्या मिनिटांतच माणूस वाचतो किंवा जातो! या शहरात पेठेपेठेत तालमी आहेत, आणि आयसीयूत एक तालीम होऊ नये? माझं रक्त खवळायचं.

आमचे मुख्य डॉक्टर, त्यांना सगळे 'सर' म्हणतात. ते काही दाद देईनात. "आमच्या लोकांना सगळं येतं," एवढंच. मी इतकी मागं लागले की शेवटी वैतागून म्हणाले, "एकदा करून दाखवा. माझ्यासमोर. जमलं, तर दर महिन्याला तालीम. फसलं, तर हा विषय कायमचा बंद, आणि तुम्ही लॉन्ड्रीचं नियोजन बघायचं."

म्हणजे एकतर माणसं वाचवायची, नाहीतर चादरी धुवायच्या!

मी जिवाच्या करारानं लागले कामाला. उचगावच्या बाजूच्या एका नर्सिंग कॉलेजातून छाती दाबायला शिकवायचा रबरी पुतळा मागून आणला. डोकं, छाती, हात. कमरेखाली काही नाही. मग दोन उशा आडव्या घातल्या, वरून ब्लँकेट ओढलं, झाले पाय! तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोक्याला टोपी, छातीला वायरी. आयसीयूच्या टोकाला एक काचेची खोली आहे, तिची एक बाजू बाहेरच्या बोळातून दिसते. तिथं त्याला झोपवलं. पडदा लावायला गेले, तर पडदा धुवायला गेलेला!

गुपित फक्त मला आणि लता सिस्टरांना माहीत. बाकीच्यांना सांगितलं, "संशोधनातला पेशंट आहे, आम्हीच बघतोय."

उशाशी नावाची पाटी लावायची होती. सिस्टर म्हणाल्या, "लिवा की 'डमी'."

"छे! सगळं खरं वाटलं पाहिजे, सिस्टर." आणि मी ऐटीत लिहिलं: 'आनंदा पाटील, गारगोटी'.

का? अहो, काही कारण नाही! सकाळी येताना समोर गारगोटीची एसटी होती, एवढंच. आता गारगोटीच्या भुदरगड तालुक्यात आनंदा पाटील किती असतील, हा विचार माझ्या उच्चशिक्षित डोक्यात आलाच नाही.

भेटीची वेळ झाली. शेजारच्या कॉटवर एक तात्या होते, त्यांना बघायला त्यांची बहीण आली. सगळे तिला आक्का म्हणत होते. तात्यांना बघून झालं. पण एवढं लांबून आल्यावर शेजारच्या पेशंटची चौकशी न करता जायचं? आपल्याकडं? आक्का काचेच्या खोलीच्या दारात आल्या आणि पाटीपाशी थबकल्या.

"आगं बया! हे आमच्या शेजारगावचं पावणं की! सोबत कोन हाय?"

"येतील थोड्या वेळानं," मी म्हणाले.

"येतील? म्हंजे आत्ता कोनच न्हाय? आयसीयूत मानूस, आनि कोन बगाय सुदीक आलं न्हाय?" त्यांनी झटकन पुतळ्याचा हात धरला. "गार पडलाय की वो!"

"एसी आहे ना."

"पाय बगू."

"नको! पायांना हात लावू नका! इन्फेक्शन होईल!"

आक्कांनी मान्य केलं. पिशवीतून जोतिबाचा गुलाल काढला आणि माझ्यापुढं धरला. "मग तुमी लावा. द्येवाचं नाव घिऊन."

काय करता? मी रबरी कपाळाला गुलाल लावला. वर डोळे मिटून हात जोडले. तालीम गुप्त ठेवायची होती ना!

आक्का बाहेर गेल्या आणि बोळातून त्यांचा आवाज घुमला. फोनवर होत्या. "व्हय, व्हय, आनंदा पाटील! येकटा पडलाय! जवळ येक पोरगी हुबी हाय, लेक आसंल, पर डोळ्यात टिपूस न्हाय तिच्या!"

दुपारी खिडकीतून खाली बघते, तर पहिल्यांदा एक मोटारसायकल आलेली. मग एक जीप. मग आणखी एक. बोळात शहाळी आली, डबे आले, कुणी बिस्किटांचे पुडे आणले. वॉचमन ओरडतोय, "एका पेशंटला एक माणूस!" आणि गर्दीतून उत्तर, "आमी समदी येकच हाय!"

आणि काचेला नाकं लावून चर्चा.

"ह्यो कुटला आनंदा? डेरीतला का शाळंमागचा?"

"शाळंमागचाच. नाक बग की."

"लई वाळलाय रं."

"आजारपनात उतरतंय मानूस."

"त्येला फोन लावला का?"

"लावला की. उचलंना."

"बग! म्हंजे ह्योच!"

या तर्कशास्त्रापुढं कुणाचं काय चालणार? शाळेमागचे आनंदा पाटील त्या वेळी उसात पाणी पाजत होते आणि फोन घरी वाजत होता, हे मला नंतर कळलं.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच बाहेर जाऊन खरं का नाही सांगितलं? अहो, निघाले होते मी! पण तेवढ्यात आतल्या लिफ्टमधून सर आले. हातात घड्याळ. "करा सुरू." मनात म्हटलं, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे, तालीम झाली की सांगू. चुकलंच की! पण डोळ्यांपुढं चादरी दिसत होत्या.

मी बटण दाबलं. अलार्म वाजला.

आणि काय सांगू, टीम अशी धावली! ड्यूटीवरचे डॉक्टर बोळातल्या गर्दीतून येत होते, तर गारगोटीकरांनीच आरोळी ठोकली, "सरका, सरका! डाक्टर आलं! वाट द्या!" एका धिप्पाड पावण्यानं बाकडं उचलून बाजूला ठेवलं. आमच्या सिक्युरिटीला हे आजवर जमलेलं नाही.

डॉक्टरांनी छातीवर हात ठेवला आणि त्यांना कळलं. मला खाऊ का गिळू असं बघितलं. पण मागं सर उभे! मग डॉक्टरांनी दाबायला सुरुवात केली. नीट दाबलं की पुतळ्यात 'टक्' असा आवाज येतो. टक्, टक्, टक्! बाहेर बायकांनी तोंडाला पदर लावले. "बरगड्या मोडल्या वो!"

सगळं बिनचूक चाललं होतं. औषध वेळेवर, मशीन वेळेवर. सरांची मान हळूहळू डोलायला लागली होती. जिंकले, असं वाटलं मला.

आणि ब्लँकेट घसरलं.

आधी एक उशी पडली. मग दुसरी. काचेवरची नाकं आणखी चपटी झाली. मग आक्कांचा आवाज आला.

"पाय कुटं गेलं?"

"आरं, पाय कापलं त्येचं!"

"दोनी?"

"कुनाला इचारून कापलं? कुनाची सही घेटली?"

काचेवर थापा बसायला लागल्या. धिप्पाड पावण्यानं बाकडं पुन्हा उचललं, आणि या वेळी ते बाजूला ठेवण्यासाठी नव्हतं! सर माझ्याकडं वळले. तेवढ्यात मागून एक घामाघूम माणूस गर्दीत घुसला. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल.

"सरा की जरा. कुटला आनंदा म्हनायचा ह्यो? मला बी बगू द्या."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. बाकडं हवेतच राहिलं.

ते शाळेमागचे आनंदा पाटील होते. आयसीयूत आनंदा पाटील आहेत असं कळलं, म्हणून शेतातून तसेच भेटायला आले होते!

मग काय, मी बाहेर आले, हात जोडले आणि सगळं सांगितलं. पुतळा रबराचा, नाव माझ्या मनचं, चूक माझी. क्षणभर वाटलं, आता मलाच त्या कॉटवर झोपवतात. पण आधी कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग अख्खा बोळ हसायला लागला. आक्का तेवढ्या हसल्या नाहीत. "रबराला जोतिबाचा गुलाल लावला व्हय गं तू?" म्हणाल्या, आणि तरातरा तात्यांकडं निघून गेल्या.

सर मात्र गंभीर. "टीमचं काम उत्तम झालं. तालीम दर महिन्याला होईल." मी उडीच मारणार होते. "पण आत धावपळ चालू असताना बाहेरच्यांशी कोण बोलणार, हे तुमच्या आराखड्यात कुठं आहे?"

कुठंच नव्हतं हो! डॉक्टर होते, सिस्टर होत्या, मशीन होतं, पुतळासुद्धा होता. बाहेर उभी असलेली माणसं तेवढी नव्हती.

"मग ते काम तुमचं. नातेवाईकांना काय ते समजावून सांगायचं. आजपासून."

"आजपासून, सर?"

"आत्तापासून."

सर गेले. मी बोळात उभी. आनंदा पाटील काचेतून स्वतःच्या रबरी अवताराकडं बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, सुरवात आमच्या मंडळींपासनंच करा. मागल्या जीपगाडीतनं रडत याय लागल्यात. वाटंत मी फटफटी जीपच्या बाजूला घिऊन हाका मारल्या, पर पदरात त्वांड घालून बसल्यात, बगितलंच न्हाय. आता तुमीच सांगा त्यास्नी. मी फुडं ग्येलो, तर येवढं रडवलंस म्हनून मलाच हाणतील."