यादीबाहेरची तपासणी

आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा दाता म्हणून माझं नाव ठरलं. ताईचा रक्तगट जुळत नव्हता, माझा जुळला. रुग्णालयाने सांगितलेल्या सगळ्या तपासण्या नीट आल्या. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली.

ताई मूत्रपिंडावर संशोधन करायची. शरीरात रोज आम्ल तयार होतं. ते मूत्रपिंड लघवीवाटे बाहेर कसं टाकतं, एवढाच तिचा विषय. तिच्या प्रयोगशाळेत एक चाचणी होत असे. नवसागराच्या कॅप्सूल देऊन शरीरातलं आम्ल मुद्दाम वाढवायचं आणि दिवसभर तासातासाला लघवी तपासायची. मूत्रपिंड चांगलं असेल तर लघवी अधिकाधिक आम्लधर्मी होत जाते. रुग्णालयाच्या यादीत ही चाचणी नव्हती.

"माझ्या समाधानासाठी ये," ती म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी गेलो. संध्याकाळपर्यंत माझ्या लघवीत काहीच फरक पडला नाही.

"सोडा घेतलास?"

"नाही."

"पत्रकाराचं 'नाही' मी धरत नाही."

शंका बरोबर होती; सोड्याने आम्ल मारलं जातं आणि चाचणी फसते. आमच्या न्यूजरूममध्ये पित्तावर खायचा सोडा पाण्यात घालून पिणं चहाइतकंच नेहमीचं होतं. मीही प्यायचो. तिने आठवडाभर तो बंद करायला लावला आणि पुन्हा बोलावलं.

त्या दिवशी ती समोरून हलली नाही. डबाही तिथेच खाल्ला. प्रत्येक नमुन्यावर ती तेलाचा पातळ थर सोडायची, म्हणजे आतला वायू उडून मोजमाप चुकत नाही. खाली हिंजवडीच्या कंपन्यांच्या बस एकामागे एक अडकल्या होत्या. मी तिथल्या जमिनींच्या भावांवर बातमी लिहीत बसलो.

"लिही. इथल्यापेक्षा तिकडे जास्त हालचाल आहे," नमुना मोजून ती म्हणाली.

शेवटच्या नमुन्यानंतर तिने यंत्र तपासून घेतलं. यंत्र ठीक होतं.

"जास्तीचं आम्ल तुझी मूत्रपिंडं टाकत नाहीत. दोन आहेत म्हणून रोजचं निभतंय. एक काढता येणार नाही."

"रुग्णालयाला हे माहीत नाही."

"मला आहे."

"तू बोलू नकोस."

तिने बाटल्या धुवायला घेतल्या. "आईला तू सांगतोस की मी?"

तिनेच सांगितलं. आई स्वयंपाकघरात होती. मंडईतून आणलेला दुधी चिरून तिने भिजत घातला होता. भाजीतलं पोटॅशियम कमी व्हावं म्हणून तिला ती अशी भिजवून, उकळून, पाणी टाकूनच चालायची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"याला पुढे त्रास होईल?"

"गोळ्या घेतल्या तर नाही."

"कसल्या?"

"सोड्याच्याच."

"मग घे रे बाबा," असं मला म्हणून तिने दुधीचं पाणी ओतून टाकलं. ताईने रुग्णालयाला फोन लावला. जवळचं दुसरं कोणी जुळणारं नव्हतं.

डायलिसिसच्या दिवशी नेहमीप्रमाणे मी आईला घेऊन गेलो. तिथल्या तंत्रज्ञाला शस्त्रक्रियेची तारीख माहीत होती.

"काकू, आता थोडेच दिवस आमच्याकडे."

"नाही हो. मुलाचीच दुरुस्ती निघाली. आता मी आहेच."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आईचा हात सरळ केला, शीर चाचपली आणि सुई लावली.