नावाची चकती

पावसाळा सरला की मी मांडणीवरचे डबे उन्हात मांडतो. त्यातला एक पत्र्याचा डबा मात्र हातात घेऊन बराच वेळ तसाच बसतो. झाकण सैल झालं की आधी व्हॅनिलाचा वास येतो आणि मागोमाग हिच्या पदराचा. तळाशी फडक्यात बांधलेले तांदूळ, ओल धरू नये म्हणून. त्यावर साखर मळून लाटलेल्या पांढऱ्या, पातळ चकत्या, मध्ये कागद घालून रचलेल्या. साऱ्या कोऱ्या. डबा परत बंद करेपर्यंत ती दुपार समोर येऊन बसते, आणि घरात दुसरं कुणी नसताना मी मान खाली घालतो.

ही केक करायची. सजवलेले, सांगाल तसले. मी खाणीवरचा ट्रकवाला, शाळा अर्ध्यात सोडलेली, बोलणं दगड फेकल्यासारखं. म्हणून माणसं केक ठरवायला आली की ही मला पाणी आणायला लावायची आणि मग डोळ्यानंच बाहेर घालवायची. मी जनेलाबाहेर, खिडकीखालीच, विडी ओढत बसायचो. आतलं बोलणं कानावर पडायचं, पण मनात उतरायचं नाही. गंमत म्हणजे ती केकचं विचारायचीच नाही लवकर. घरात थोरलं कोण, त्यांना अंडं चालतं का, सोमवार कोण धरतं, असलंच काहीबाही. मला वाटायचं, बाईमाणूस, गप्पांची हौस.

ती गेली आणि फाटकावरची केकची पाटी राहिली. खिळा गंजलाय, निघत नाही, असं मी लोकांना सांगायचो. खिळा धड होता.

त्या पाटीवरूनच इब्रामपूरची माणसं आली. मुलगा, सून, तिच्या काखेला पोर आणि मुलाची म्हातारी आई. पोराचा पहिला वाढदिवस होता. "बाई आसत?" मुलानं विचारलं. मी म्हणालो, "वायच भायर गेली हा. माका सांगा." तोंडातून गेलं ते गेलं. तिला जाऊन वर्ष सरलं नव्हतं. अशा घरातून लेकराच्या शुभकार्याला कुणी काही नेत नाही, हे काय मला ठाऊक नव्हतं? खरं बोललो असतो तर ती मंडळी उंबऱ्यावरूनच फिरली असती. आणि मला हिच्या मेजाशी माणसं बसलेली हवी होती. केक कोण करणार, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. भायर गेली म्हटल्यावर मलाही ती क्षणभर बाजारात गेल्यासारखीच वाटली.

मी पाणी दिलं आणि हिच्या कदेलावर, तिच्या नेहमीच्या खुर्चीत, बसलो. सुनेला हत्तीचा केक हवा होता. मी जाणत्यासारखी मान हलवली. "हत्तीच्या पाठीर झिलाचां नाव घालूया, मोठ्या अक्षरांनी," मी म्हटलं. "मगे बरोबर नावावरसून कापूचां. फोटो बरो येता."

म्हातारीचा हात पेल्यावरच थांबला. "नावावर सुरी?" ती म्हणाली. "ओ भाऊ, ह्या घरात पोराच्या नावाक सुरी लागना नाय, म्हणान तर आमी इलंव. बाई नाव येगळ्या चकतीर घालतत. कापच्या आदी ती काडून पोराच्या हातात देतत. तुमका म्हायत नाय?"

मला माहीत नव्हतं. जन्म एका घरात काढला, तिच्या केकांचे उरलेले तुकडे खाल्ले, आणि तिचं काम मला परक्या बाईनं सांगावं लागलं. म्हातारीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "बाई खंय आसत, भाऊ? खरां सांगा." मी आतल्या दाराकडे पाहिलं. ती गुडघ्यावर हात टेकत उठली, दारापर्यंत गेली. आत हिचा फोटो, त्याला हार.

मागोमाग मुलानंही पाहिलं. "काका, ह्यां आदी सांगूचां मा," तो म्हणाला. "पोराक घेवन इलंव आमी." तो रागावला नसता तर मला बरं वाटलं नसतं.

"गप रे," म्हातारी म्हणाली. "पोराक घेवनच भितर चल." आणि तिनं फोटोसमोर पोराचे इवलेसे हात धरून जोडले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "बाईंनी करून ठेवलेली चकती एक तरी आसा काय?"

ते तरी मला कुठं ठाऊक. सुनेनंच मांडणीवर शोधून हा डबा काढला. मुलगा पुटपुटला, "आये, वर्ष सरूक नाय हय."

"साकरेक कसला इला सुतक? केक पेडण्याच्या बाजारात घेवया. नाव ह्या चकतीर घालूया." तिनं एक चकती रुमालात गुंडाळली. जाताना फाटकाशी थांबली. "पाटी काडून ठेवा, भाऊ. लोकांका फसवू नका. आणि येळार जेवा."

पाटी मी त्याच संध्याकाळी काढली. एका हिसक्यात निघाली.

लाज कमी होईल म्हणून वाट पाहिली. ती कमी झाली नाही, पण आता सवयीची झाली आहे. ऐकू येत असताना न ऐकलेली ती सारी बोलणी आता कुठून आणू? एकदा मी एक चकती काढून तिच्यावर हिचं नाव घालायला बसलो होतो. पहिलं अक्षर काढलं आणि हात थांबला. लिहिलेली चकती कुणाच्या तरी हातात द्यायची असते, आणि त्यानं ती खायची असते. मी ते अक्षर ओल्या बोटानं पुसलं, कागद घालून चकती परत ठेवली आणि झाकण दाबून बसवलं.