एक माणूस कमी

ऐंशीच्या दशकात राजुऱ्याजवळच्या उघड्या कोळसा खाणीत मी सर्व्हेचं काम करत होतो. फाटकावरचा चौकीदार माजी शिपाई होता. एकाहत्तरच्या लढाईत त्याचा डावा हात गेला होता आणि शौर्यपदक मिळालं होतं. सगळे त्याला नुसतं फौजी म्हणत. सुरुंग उडवायच्या आधी वर येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून तो माणसं मोजायचा. मोजणी संपेपर्यंत त्याचे ओठ सुकलेले असायचे. मजूर हसायचे.

एकदा वारा उलटा होता. खाली मला सुरुंगाआधीचा इशाऱ्याचा भोंगा ऐकूच आला नाही. अचानक फौजी धापा टाकत उतरताना दिसला.

"साहेब, इथी काऊन थांबले? एक मानूस कमी हाये म्हून सुरुंग थांबवून आलो!"

त्यानं मला ओढतच वर आणलं. सुरुंग उडाला. मी उभा होतो तिथं दगडांचा ढीग झाला. फौजी खाली बसला.

"लढाईत पाच जखमी घेऊन निंगालो होतो. चारच आनले. त्याचंच पदक भेटलं," तो म्हणाला. "पाचव्याले अजून शोधून राह्यलो."

"कोण होता तो?"

त्यानं त्या पाचव्याचं नाव, गाव, आईचं नावसुद्धा सांगितलं. फौजीचं स्वतःचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही.