तिसरी ‘ब’च्या भिंतीवरचा नकाशा

शिक्षिकांना शिकवायला निघाले होते मी, केवढा तो आव माझा! नवरा भोपाळच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर, आणि मी तिथल्याच टाउनशिपच्या शाळेत प्राथमिकच्या शिक्षिकांना ‘मुलांना प्रश्न विचारू द्या’ हे समजावणारी. धडा आपण सांगायचा नाही. मुलांनी आधी बघायचं, विचारायचं, मग उत्तर शोधत हिंडायचं, अशी ती पद्धत. सगळ्या जणी माना डोलवायच्या आणि वर्गात जाऊन मुलांना प्रश्नच लिहून द्यायच्या, पाठ करून या म्हणून. हसावं की रडावं कळेना.

एकीला मात्र ते खरंच जमलं. उज्जैनची मराठी मुलगी, तिसरीच्या वर्गावर हंगामी लागलेली. नवऱ्याची नोकरी सुटलेली, घर तिच्याच पगारावर, आणि ती कायम होणार की घरी बसणार हे त्याच वर्षी ठरायचं होतं. तिचा ‘आपली वस्ती’ हा धडा आला तेव्हा मी म्हटलं, अगं, पुस्तक मिट आणि पोरांना आपापल्या गल्लीत हिंडव. ती जरा घुटमळली.

“ताई, अंगाशी तर नाही ना येणार काही?”

मी आहे ना, म्हटलं.

मुलांनी मोठा नकाशा केला. राहती क्वार्टर्स पिवळी, कुलूप लागलेली काळी. तेव्हा कारखान्यातली माणसं कमी होत होती. स्वेच्छानिवृत्ती घेऊन कुणी शहराबाहेर मिसरोदला फ्लॅट घेत होतं, कुणी सामान बांधून गावी परतत होतं. सगळ्यांना दिसत होतं, पण बोलायचं कुणी नाही. आमच्या स्वयंपाकघरातसुद्धा तो विषय निघाला की आवाज खाली यायचा. आणि इथे आठ वर्षांच्या पोरांनी ओळीच्या ओळी काळ्या रंगवून भिंतीवर लावलेल्या. मी इतकी हरखले की वरिष्ठांना दाखवायच्या प्रात्यक्षिकासाठी तोच वर्ग निवडला. अक्कल म्हणून नव्हती मला.

त्या दिवशी शाळेचा कारभार बघणारे कारखान्याचे साहेब आले. नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले. एका मुलीनं हात वर केला आणि त्यांनाच विचारलं, “सर, अब किसका घर काला होगा?”

 साहेबांनी वळून विचारलं, हे कुणी करायला सांगितलं. मी मागच्या बाकावर बसले होते. त्या शिक्षिकेनं माझ्याकडे पाहिलंही नाही, ‘मीच सांगितलं’ म्हणाली. मी बसूनच राहिले.

संध्याकाळी ती माझ्या घरी आली. रडली नाही, चहाही घेतला नाही.

“ताई, मी तुमचं नाव नाही घेतलं. पण मुख्याध्यापकांना एवढं लिहून द्या ना, की तुमची पद्धत हीच आहे.”

देते, म्हटलं. आणि दिलं नाही. साहेब तापलेले असताना लिहिलं तर पद्धतच बंद करतील, मग बाकीच्या शिक्षिकांचं काय, जरा निवळू दे. रोज मी स्वतःला हेच समजावत होते. कसलं निवळणं! घाबरले होते मी, दुसरं काय.

पंधरवड्यानं कायम झालेल्यांची यादी लागली. तिचं नाव नव्हतं. तेव्हा कुठे मी चार पानी पत्र घेऊन मुख्याध्यापकांकडे धावले. त्यांनी घडीसुद्धा उलगडली नाही. साहेबांनी त्यांना विचारलं होतं म्हणे, हे तुमच्या प्रशिक्षणात बसतं का; आणि ते इतके दिवस माझ्या एका ओळीची वाट बघत थांबले होते.

शाळा सोडताना ती सगळ्यांचा निरोप घेत माझ्याकडे आली, वाकून नमस्कार केला. मी पत्र दिल्याचं तिच्या कानावर आलं होतं, कधी दिलं ते नाही.

“तुम्ही लिहून दिलंत, ताई. त्यांनी नाही ऐकलं, त्याला तुम्ही काय करणार?”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि हो म्हटलं.