कुंभकर्णाची जांभई

त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धानोऱ्यात आमचं रामायण होतं आणि कुंभकर्ण मी होतो. भूमिकेत वाक्यं चारच, पण उठतानाची जांभई अशी, की तेवढ्यासाठी शेजारच्या गावांहून बैलगाड्या यायच्या. वय सतरा, अंग आडदांड. आणि नेमकी पंधरा-वीस दिवस आधी माझी अक्कलदाढ हिरडीत अडकली. गाल टम्म फुगला, जबडा मिटला तो मिटलाच.

चुलतभाऊ माझी चारही वाक्यं पाठ करूनच समाचाराला आला. "भो, तुन्हा कुंभकर्ण आते झोपमाच मरी जाई," म्हणाला. मला धड शिवीही देता येईना.

वडिलांनी नंदुरबारला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चार दिवस पिचकारीनं कोमट मिठाचं पाणी मारून सूज उतरवली. मग फटीतून चिमुकली सुरी घालून दाढेवरची हिरडी कापली. मी खुर्चीसकट उठलो.

"दाढ सरळ आहे, तिला वाट नव्हती इतकंच," ते म्हणाले. "आता जबडा तू उघडायचास. बांबूच्या पातळ कामट्या तासून घे, एकावर एक रचून दातांत धर. रोज दोन वाढव."

"जांभईला किती लागतील?" मी दातांतूनच विचारलं.

डॉक्टरांनी माझा जबडा निरखला. "वीस. आणि ती बघायला मी येणार."

मग काय, सगळी गल्ली कामट्या मोजायला लागली. सहा, आठ, बारा. चुलतभाऊ रोज सकाळी हजर. माझं तोंड उघडत गेलं तसं त्याचं उतरत गेलं. आखाजीच्या सकाळी गाडं एकोणिसावर अडलं. विसावी त्यानं स्वतः तासून आणली, चांगली बोटभर जाड. मी त्याच्याकडे बघत ती आत सरकवली. डोळ्यांत पाणी आलं, पण गेली.

गॅसबत्ती मिळाली नव्हती म्हणून खेळ भरदुपारी, आमराईत. डॉक्टर पहिल्या रांगेत. ढोल वाजले, राक्षसांनी मला गदागदा हलवलं, मी उठून बसलो आणि तोंड उघडलं. उघडतच गेलो. आमरसाचं जेवण झालेली मंडळी ती, आधीच पेंगुळलेली. पहिली रांग जांभया द्यायला लागली, मग दुसरी, मग झाडावर चढलेली पोरं. विंगेत चुलतभावानं तोंडावर हात धरला.

डॉक्टर बिचारे माझी दाढ बघायला पुढे वाकले होते. त्यांनाही आवरेना. त्यांचा जबडा असा काही उघडला, की मला वरूनच दिसलं: डाव्या बाजूला त्यांना एकही दाढ नव्हती.