आतेभावाच्या मोबाइलचा वेग

माझ्या आतेभावाइतकं भरभर वाचणारा माणूस महाड-पोलादपूर पट्ट्यात दुसरा नाही, आणि त्याला जन्मापासून दिसत नाही. त्याच्या मोबाइलमध्ये पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय आहे. तिचा वेग त्याने इतका वाढवलाय, की आपल्याला नुसती मोहरी तडतडल्यासारखी ऐकू येते. पोलादपूरहून महाडला येईपर्यंत तो एसटीत अख्खं वर्तमानपत्र संपवतो आणि उतरताना कंडक्टरला अग्रलेखातल्या चुका सांगतो. मी एकदा आठ हसरे चेहरे पाठवले, तर लगेच फोन. "आठही वाचलेन या मोबाइलनं. एकदा हसलास तरी कळतं रे मला." लग्नपत्रिकेतली वळणदार अक्षरं मोबाइलला जमत नाहीत, म्हणून मजकूर टाइप करून आल्याशिवाय तो लग्नाला जात नाही. सख्ख्या भाच्याने शेवटी हळदीच्या हातांनी पत्रिका टाइप केली.

मोबाइल येण्याआधी त्याला वाचून दाखवणारा मी होतो. गेल्या वर्षी त्याने ट्रंकेतला प्रत्येक जुना कागद मोबाइलपुढे धरून स्वतः ऐकायचं ठरवलं. कागद सरळ करून द्यायला मी बसलो. विजेची बिलंसुद्धा सोडली नाहीत त्याने. मग एका शाळेचं टाइप केलेलं पत्र हाती आलं. त्याने संगीत शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला होता, त्याचं उत्तर. मी ते हळूच गठ्ठ्याखाली सरकवलं.

"एक राहिला," तो म्हणाला. कागदाची सळसळ त्याने ऐकली होती.

मोबाइल तडतडला. मग त्याने वेग कमी केला, माझ्यादेखत पहिल्यांदाच, आणि तेच पत्र मला कळेल असं पुन्हा लावलं. 'दिसत नसल्याने आपणांस वर्ग सांभाळता येणार नाही, असे आमचे मत आहे. हरकत असल्यास तीस दिवसांत समक्ष भेटावे.' वीस वर्षांपूर्वी मी त्याला एवढंच वाचून दाखवलं होतं, की जागा भरली.

"तू वाचलंस त्यात तीस दिवस नव्हते."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट मला वाटायचं होतं, तुला नाय. मी गेलो असतो. पेटी घेऊन गेलो असतो."

दोन महिने त्याचा फोन नव्हता. मग एक दिवस तो हातात एक पत्र घेऊन महाडला माझ्या दारात उभा राहिला. त्याची मुंबईची बहीण अजून हाताने पत्रं लिहिते आणि तिचं अक्षर मोबाइलला लागत नाही. तेव्हापासून तिची पत्रं तो माझ्याकडे आणतो. मी एकेक शब्द वाचतो. कुठे खाडाखोड असली तर थांबून सांगतो, "इथे तिने काहीतरी लिहून खोडलंय."

तो मान हलवतो. "हां. वाच पुढे. सावकाश."