चौसष्ट किलो

त्याच्या वडिलांचं इस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, त्यावर घडी घातलेली जुनी घोंगडी, कोळशाची इस्त्री आणि भिंतीला टांगलेला एक पुठ्ठ्याचा खोका. वडिलांनी त्याला पहिला धडा दिला तो इस्त्रीचा नव्हता, खिशांचा होता.

"आधी खिसे बघायचे. कपडा आपल्या हातात येतो, माणूस येत नाही. त्याचा जीव कुठल्या कागदात अडकलाय, ते आपल्याला काय कळणार?"

खिशात सापडलेला प्रत्येक कागद खोक्यात जायचा. बसचं तिकीटसुद्धा. चार महिन्यांनी गिऱ्हाईक धापा टाकत यायचं आणि वडील कागद काढून समोर धरायचे.

मुलगा डावखुरा होता. वर्षानुवर्षं डाव्या हाताने इस्त्री ढकलून त्या हाताला जे वळण लागलं, ते गल्लीच्या टोकाला बॉक्सिंग शिकवणाऱ्या मास्तरांच्या नजरेत भरलं. मास्तर धान्याच्या रिकाम्या गोदामात शिकवायचे. त्यांचं नाक दोनदा मोडलेलं, त्यामुळे ते रागावले तरी सर्दी झाल्यासारखे वाटायचे. ते म्हणाले, "याचा ठोसा इस्त्रीसारखा येतो. सरळ. सुरकुती म्हणून ठेवत नाही."

चौसष्ट किलो. एखाद्याचं नाव असतं तसं हे त्याचं वजन होतं. या वजनात त्याचे पाय हलके पडत, श्वास पुरत असे आणि समोरच्याचा खांदा हलण्याआधी त्याला कळत असे. रोजचा जोडीदार होता टाचणी. काटकुळा, टोकदार, त्याच वजनाचा. टाचणी पाच दिवस त्याचा मार खायचा आणि सहाव्या दिवशी त्यालाच चहा पाजायचा. "तू एकदा मर तरी," टाचणी म्हणायचा, "म्हणजे माझा नंबर लागेल."

त्याच्या तेविसाव्या वर्षी वडिलांचा उजवा हात थरथरायला लागला. एका गिऱ्हाइकाचा कोट जळाला, मग दुसऱ्याचा. त्याच सुमारास एका सरकारी खात्यात खेळाडूंसाठी एक जागा निघाली. अट एकच, त्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेतलं कुठलंही पदक. मास्तर संध्याकाळी जिन्याखाली येऊन बसले.

"चौसष्टला सव्वीस नावं आलीत. जिंकशील, पण पहिल्याच लढतीत भुवई फुटली तर? त्यापेक्षा पंचाहत्तरच्या गटात ये. तिथे चारच नावं आहेत. पहिलीच लढत उपांत्य फेरीची. बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्यपदक मिळतं. नुसता उभा राहिलास तरी नोकरी."

"मी चौसष्टचा आहे, मास्तर."

"त्या गटाला एकोणसत्तरच्या वर भरायला हवं. केळी खा. पाणी पी."

त्याने वडिलांकडे पाहिलं. वडील आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते. तो हात टेबलावर स्वतःच काहीतरी लिहीत असल्यासारखा हलत होता. "गोदामातल्या शौकाने चूल पेटत नाही," वडील म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "बघ बाबा."

महिनाभर तो खात राहिला. वजनाच्या दिवशी सकाळी अडीच लिटर पाणी पिऊन काट्यावर चढला. पाणी पोटात डुचमळत होतं, काटा एकोणसत्तरच्या जेमतेम पुढे गेला. समोरचा माणूस त्याच्यापेक्षा डोकंभर उंच होता. लढत पन्नास सेकंद चालली. तो जमिनीवरून उठला तेव्हा डाव्या कानात शिट्टी वाजत होती. ती अजून वाजते.

त्या वर्षी चौसष्टचं सुवर्ण टाचणीने जिंकलं. व्यासपीठावरून उतरल्यावर त्याने याचा हात धरला. "तू असतास तर मला कुत्र्यानेसुद्धा विचारलं नसतं," तो म्हणाला. तो खरं बोलत होता, म्हणूनच याला ते सहन झालं नाही.

नोकरी लागली. खात्याच्या संघात त्याचा गट ठरून गेला. क्रीडा सचिव दर वर्षी अर्ज भरायचे, कार्यालयात तक्रारींवर शिक्के मारून जाड झालेलं शरीर घेऊन तो वरच्या गटात उभा राहायचा, मार खायचा, कांस्य घेऊन यायचा. अकरा वर्षांत आठ कांस्यं. दाराच्या मागे खिळ्याला टांगलेली. दार आपटलं की वाजायची. कार्यालयात त्याला 'तिसरे' म्हणत. "काय तिसरे, चौथा कोण आला?" असं विचारून लोक हसत, आणि सगळ्यात आधी तो हसे.

चौतिसाव्या वर्षी त्याने खाणं तोडलं. पुढच्या वर्षी वय संपणार होतं, पस्तिशीनंतर रिंगमध्ये उतरता येत नव्हतं. एकदा, एकच लढत, स्वतःच्या वजनात. हरलो तरी मी हरेन, असं तो बायकोला म्हणाला.

"आणि आत्तापर्यंत कोण हरत होतं?" बायकोने विचारलं. तरी तिने पाच महिने त्याच्या ताटात मोजकंच वाढलं. ती म्हणायची, "अहो, वाऱ्याने उडून जाल." पण तो सकाळी धावायला निघाला की खिडकीत उभी राहायची. त्याची पावलं पूर्वीसारखी हलकी पडत होती, जिन्यावर वाजत नव्हती.

अर्जावर त्याने स्वतःच्या हाताने चौसष्ट लिहिलं आणि अर्ज सचिवांकडे दिला.

वजनाच्या दिवशी काट्यामागे टाचणी बसला होता. आता तो स्पर्धेचा अधिकारी होता, टोकदारपणा सगळा पोटाखाली गेलेला. त्याने यादी पाहिली आणि वर पाहिलं.

"तुझं नाव पंचाहत्तरला आहे."

क्रीडा सचिव जवळच उभे होते. "मीच बदललं," ते म्हणाले. "तुमच्या त्या वजनात तेवीस पोरं आहेत, एकेक हरणासारखं. वर चार नावं. तुमचं भलंच पाहिलं, तिसरे. पण हे काय, आजारी आहात का?"

"अजून दुरुस्ती होते," टाचणी म्हणाला. "दहापर्यंत. संघाच्या सचिवांची सही लागेल."

सचिवांनी पेन खिशातून काढलं नाही. "पदक हुकलं तर वरून मला विचारतात. पोट बिघडलं म्हणा, नाव मागे घेऊ. संघात राहाल. काट्यावर चढून अपात्र झालात, तर खेळाडू म्हणून कामात मिळणारी सवलत आजपासून बंद. नीट विचार करा."

दहाला सात मिनिटं होती. तो सचिवांना 'साहेब' म्हणाला, मग 'दादा' म्हणाला. शेवटी शर्ट काढून खुर्चीवर ठेवला आणि काट्यावर चढला.

टाचणीने वाकून आकडा पाहिला. "त्रेसष्ट आठशे," तो म्हणाला.

"लिही."

"लिहिलं तर अपात्र होशील रे."

"लिही. आणि मला चिठ्ठी दे."

टाचणीने चिठ्ठीवर वजन लिहिलं, खाली 'गटास अपात्र' लिहिलं, सही केली. चिठ्ठी देताना त्याचा हात जरा जास्त वेळ थांबला. याने ती घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

पुढच्या आठवड्यात त्याची बदली तळमजल्यावरच्या जुन्या फायलींच्या खोलीत झाली. बायको म्हणाली, "पाच महिने उपाशी राहून हे कमावलंत." त्याने मान हलवली. रोज संध्याकाळी शर्ट बदलताना तो चिठ्ठी या खिशातून त्या खिशात ठेवायचा. एक दिवस विसरला.

वडील आता त्याच्याकडेच राहत. डोळे अधू झाले होते, तरी घरातल्या कपड्यांना दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. डाव्या हाताने उजवा दाबून धरत ते विजेची इस्त्री फिरवायचे. तो कामावरून आला तेव्हा शर्ट टेबलावर होता. खिसा सपाट.

"बाबा, यात एक कागद होता."

"होता. चुरगळलेला. सकाळी टाकला."

"टाकलात?"

वडिलांनी इस्त्री उभी केली. "गिऱ्हाइकाचा असता तर ठेवला असता," ते म्हणाले. "घरचाच होता. का रे, कामाचा होता का?"

"नाही," तो म्हणाला.

कचरा सकाळीच गेला होता. त्याने शर्ट उचलला. त्यावर एकही सुरकुती नव्हती.